खाऱ्या वाऱ्यात वेगवान गाडी सांभाळताना

जास्त ताकदीची मोटारसायकल किंवा टर्बो पेट्रोल मोटार घेणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईत जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा ती कशी चालवावी याविषयीचा असतो. कोकण किनारपट्टीवर त्याच्याही आधीचा एक प्रश्न उभा राहतो. येथे अशी गाडी चालवून जितकी झिजते, त्याहून कितीतरी अधिक ती उभी राहून खराब होते, आणि हे मालकाच्या लक्षात येईपर्यंत पहिला पावसाळा उलटून गेलेला असतो. मी गुहागर तालुक्यात, लाटांचा आवाज घरात ऐकू येईल इतक्या अंतरावर राहतो. गेल्या बारा वर्षांत एक सिंगल सिलिंडर स्पोर्ट्स मोटारसायकल, तिच्यानंतर साडेसहाशे सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची) आणि जोडीला एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक अशी वाहने मी येथेच सांभाळली. त्यातून जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

आधी कारण समजून घ्यावे, म्हणजे पुढची कामे कंटाळवाणी वाटणार नाहीत. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म तुषार घेऊन येतात आणि ते प्रत्येक फटीत बसतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्यामुळे ते त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. म्हणजे हाताला कोरडी लागणारी गाडी प्रत्यक्षात खारट पाण्याच्या पातळ थराखाली उभी असते. ॲल्युमिनियमचे केसिंग, त्यात घट्ट बसलेला पोलादी बोल्ट आणि मध्ये ही खारट ओल, एवढे जमले की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वेगवान गाड्यांमध्ये उघडे ॲल्युमिनियम, बारीक पात्यांचे रेडिएटर आणि सेन्सरचे कनेक्टर साध्या गाडीपेक्षा जास्त असल्याने हा मार त्यांनाच अधिक बसतो.

घेण्याआधी काय पाहावे

नवी गाडी घेताना पहिला विचार सर्व्हिस सेंटरच्या अंतराचा करावा. मोठ्या मोटारसायकलींची अधिकृत केंद्रे मुख्यतः मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोवा येथे आहेत. रत्नागिरीचा मालक आंबा घाट चढून कोल्हापूरला जातो, सावंतवाडीचा गोव्यात उतरतो, आणि मधल्या दापोली-गुहागर पट्ट्यातल्या माणसाला दोन्हीकडे लांबच पडते. त्यामुळे किरकोळ कामे आपल्या हाताने करता येतील अशीच गाडी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइल फिल्टर बदलण्यासाठी निम्मी बॉडी उतरवावी लागत असेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी आपल्या गावासाठी नाही.

जुनी गाडी घेताना रंग पाहू नये, खालचा भाग पाहावा. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर, विशेषतः ऑइल सील जिथून वर-खाली सरकते त्या पट्ट्यात, नखाला जाणवतील असे गंजाचे बारीक खड्डे आहेत का ते बोट फिरवून पाहावे. असे खड्डे असतील तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागते आणि नळ्या बदलण्याचा खर्च मोठा असतो. सीट काढून बॅटरीचा तळ, सायलेन्सरचा पाइप हेडला जोडणारे स्टड, रेडिएटरची पाती आणि मेन फ्यूजजवळचे कनेक्टर पाहावेत. कनेक्टरमध्ये हिरवट-पांढरी भुकटी दिसली, तर त्या गाडीच्या वायरिंगवर पुढे बराच वेळ जाणार हे गृहीत धरावे.

मोटारीच्या बाबतीत पुराची शंका मनात ठेवूनच तपासणी करावी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, तेव्हा किती वाहने बुडाली हे कोकणातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या भागावर लाल गाळाची आडवी रेघ असेल तर वरवरच्या साफसफाईवर विश्वास ठेवू नये. सीटखालचे लोखंडी रूळ, स्टेपनीचा खड्डा आणि कार्पेटखालचा फोम हातानेच चाचपावा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळणारी टर्बो मोटार मी या तीन जागा पाहिल्याशिवाय चालवूनही बघत नाही.

गाडीची जागा

पडवी चांगली, पण समुद्राच्या बाजूची पडवी वाईट. घराच्या ज्या अंगाला खारा वारा थेट येत नाही त्या अंगाला गाडी ठेवावी. सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीतून रात्रभर ओल वर येते, म्हणून जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फळ्या टाकाव्यात आणि त्यावर गाडी उभी करावी. साधे प्लास्टिकचे आच्छादन गाडीवर कधीही थेट घालू नये. आत घाम धरतो आणि गाडी उघड्यावर गंजली नसती इतकी आत गंजते. हवा खेळणारे कापडी आच्छादन घ्यावे आणि गाडी पूर्ण थंड व कोरडी झाल्यावरच घालावे. माडाखाली गाडी उभी करू नये हे सांगायला नको, तरी पाहुण्यांना ते आवर्जून सांगावे.

धुणे

किनारपट्टीवर गाडी धुण्याला मी सर्वांत वरचे स्थान देतो, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक काम हेच आहे. पण पाणी कोणते, हा येथे कळीचा प्रश्न आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होते. पहिले वर्षभर मी अशाच विहिरीच्या पाण्याने मोठ्या निगुतीने गाडी धुत राहिलो आणि बोल्टांच्या डोक्यांवर पांढरे डाग का उमटतात हे मला कळेना. मीठ काढण्याऐवजी मी ते वाटत होतो. पाणी जिभेला जरा जरी खारट लागले तर ते गाडीला वापरू नये. नळाचे गोडे पाणी किंवा पावसाळ्यात पागोळ्यांखाली भरलेल्या पिंपाचे पाणी सर्वांत उत्तम.

क्रम असा ठेवावा. गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी. तापलेल्या ब्रेक डिस्कवर आणि सायलेन्सरवर गार पाणी ओतू नये. आधी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने वरून खाली मीठ आणि जांभ्याची धूळ वाहून जाऊ द्यावी. ही लाल धूळ लोहयुक्त आणि बारीक खरखरीत असते. कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर ओरखडे उठतात. त्यानंतर गाड्यांसाठीचा शॅम्पू वापरावा. भांड्यांचा साबण मेणाचा थर काढून टाकतो, म्हणून तो टाळावा. प्रेशर वॉशरची धार चाकांच्या बेअरिंगवर, चेनच्या बाजूंवर, रेडिएटरच्या पात्यांवर आणि हँडलवरच्या स्विचवर मारू नये. रेडिएटरची पाती वाकली की हवा अडते, आणि गणपतीच्या दिवसांत महामार्गावर तासभर पहिल्या गिअरमध्ये सरकताना त्याचा अर्थ समजतो. मोटारीच्या चाकांच्या कमानी आणि तळ यांना आतून पाणी मारावे, कारण लाल चिखल तेथे साचून महिनोन्महिने ओल धरून ठेवतो.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच ठेवू नये. पाच-सात किलोमीटर चालवून आणावी, म्हणजे डिस्क, साखळी आणि इंजिनच्या खाचांतील पाणी उडून जाते. मग फोर्कच्या नळ्या मऊ फडक्याने पुसून त्यांवर सिलिकॉन स्प्रेचा अगदी पातळ हात फिरवावा. हा स्प्रे फडक्यावर घ्यावा, थेट मारू नये. डिस्कवर त्याचा एक थेंब गेला तरी ब्रेक लागत नाही. समुद्रापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने आठवड्याला एकदा नुसते गोड्या पाण्याने खंगाळणे आणि महिन्याला एकदा सविस्तर धुणे, एवढे तरी पाळावे.

बोल्ट उघडण्याचा प्रसंग आला की ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक बोल्टाच्या आट्यांवर थोडे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावूनच तो परत बसवावा. अँटी-सीझ लावल्यावर आटे सहज फिरतात आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, म्हणून टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) वापरावा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा किंचित कमीच ठेवावे. इलेक्ट्रिकल कनेक्टर एकेक करून उघडावेत, कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ करावेत आणि रबरी सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारे) ग्रीस लावून बंद करावेत. हे काम एका रविवारी पुरे होत नाही. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या तयारीच्या, आधी दोन-तीन सुट्या त्यासाठी राखून ठेवाव्यात.

साखळी

मोटारसायकलची साखळी येथे शहरातल्यापेक्षा दुप्पट वेळा पाहावी लागते. कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला आणि पावसात दर २००-३०० किलोमीटरला ती साफ करून ल्यूब लावावी. आजच्या जवळजवळ सर्व मोठ्या मोटारसायकलींना ओ-रिंग किंवा एक्स-रिंग साखळी असते; आतले ग्रीस रबरी कड्यांनी बंदिस्त केलेले असते. या कड्या पेट्रोलने फुगतात आणि तारेच्या ब्रशने फाटतात. म्हणून केरोसीन किंवा साखळीसाठीचा क्लीनर आणि मऊ ब्रश वापरावा, लगेच कोरडे पुसावे आणि आतल्या बाजूने ल्यूब मारावे. ल्यूब गाडी चालवून आल्यावर, साखळी कोमट असताना लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. निघताना लावलेले ल्यूब मागच्या चाकावर उडते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके लावण्याची सवय अनेक गॅरेजांत दिसते. त्यात बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत. चाक हातानेच फिरवावे.

साखळीचा ढिलेपणा किती असावा हे स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. साखळी सगळीकडे सारखी ताणत नाही, म्हणून चाक फिरवून जिथे ती सर्वांत घट्ट आहे तिथे माप घ्यावे. फार घट्ट साखळी ढिल्या साखळीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण खड्ड्यात मागचे चाक वर गेले की ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

ब्रेक

घाटांच्या प्रदेशात राहणाऱ्याने ब्रेक ऑइलकडे केवळ पातळीच्या खुणेपुरते पाहू नये. डॉट ४ प्रतीचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरडे असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. आंबा किंवा कुंभार्ली घाट वेगाने उतरताना कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापले, ऑइल उकळले आणि त्यात वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर थेट हँडलला टेकते आणि ब्रेक लागत नाही. कंपनी दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. किनाऱ्यावर मी ते दर वर्षी, पावसाळा संपल्यावर बदलतो. नवी सीलबंद बाटलीच घ्यावी, उघडून ठेवलेली अर्धी बाटली टाकून द्यावी. डॉट ५ हे नाव जवळचे वाटले तरी ते सिलिकॉनचे असते. डॉट ४ किंवा ५.१ मध्ये ते कधीही मिसळू नये.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकते त्या पिना वर्षातून एकदा काढून स्वच्छ कराव्यात आणि ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे बेअरिंग ग्रीस रबराला फुगवते. माझ्या पहिल्या मोटारसायकलची एक पिन पावसाळाभर उभी राहून पूर्ण जाम झाली. जिथे दाखवली तिथल्या मिस्त्रीने केवळ पॅड बदलून दिले. पंधरा दिवसांत नवा पॅड एका बाजूने धातूपर्यंत झिजला आणि डिस्कवर खोल चरे पडले. तेव्हापासून पॅड बदलताना दोन्ही पॅड सारखे झिजले आहेत का हे मी स्वतः पाहतो. एक पॅड जाड आणि एक पातळ असेल तर दोष पॅडचा नसून पिनेचा किंवा पिस्टनचा आहे.

ओल्या डिस्कवर पहिला क्षण ब्रेक लागत नाही. पावसात दर थोड्या वेळाने, मागे कोणी जवळ नाही हे पाहून, लिव्हर हलकेच दाबून डिस्क कोरडी करून घ्यावी. पॅडमध्ये निवड असेल तर पावसाळ्यासाठी सिंटर्ड (धातूच्या भुकटीपासून बनवलेले) पॅड घ्यावेत.

इंधन, तेल, कूलंट

आपल्या पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग त्याला अनुसरून बनवलेले आहेत. त्याआधीची गाडी असेल तर इंधनाच्या नळ्या आणि सील दर वर्षी तपासावेत. इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी ते सामावून घेते, मात्र मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिनला तेच आधी मिळते. म्हणून पावसाळ्यात जिथे खप जास्त आहे अशाच पंपावर पेट्रोल भरावे. गाडी उभी ठेवताना टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे टाकीत ओली हवा राहायला जागा उरत नाही. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कार्ब्युरेटरची वाटी मात्र रिकामी करून ठेवावी. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल ज्या इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्यालाच घालावे; इतरांना त्याने ताकद मिळत नाही.

इंजिन ऑइलबाबत एकच खबरदारी. ज्या मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो तिला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ प्रतीचेच तेल घालावे. मोटारीच्या तेलातील घर्षण कमी करणारी रसायने क्लच घसरवतात, आणि घाटात पूर्ण भार असताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही. टर्बो मोटारीला ऑइलचा खंड पडू देऊ नये. सकाळी निघताना पहिले काही किलोमीटर टर्बोला जोर देऊ नये, आणि घाट जोरात चढून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश येऊनच इंजिन बंद करावे. कूलंटमध्ये विहिरीचे पाणी कधीही घालू नये. कंपनीने सांगितलेले तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्याचे मिश्रणच वापरावे.

टायर आणि रस्ता

टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. खाच शिल्लक आहे म्हणून जुना टायर चांगला असे समजू नये. उन्हात आणि खाऱ्या हवेत रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. मोटारीसाठी खाचेची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण येथील पावसात मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो. हवेचा दाब टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने, पंधरा दिवसांतून एकदा पाहावा. मोठ्या रिमा आणि पातळ टायर दिसायला चांगले असतात. येथे मात्र मी कंपनीच्या मूळ मापापेक्षा पातळ टायर घालू नये असे सांगेन. राष्ट्रीय महामार्ग ६६ चे काम वर्षानुवर्षे चालू राहिले, वळणमार्गांवर खडी पसरली, आणि चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमधून पडलेल्या जांभ्याच्या धारदार ढलप्यांनी कडा कापलेले टायर आमच्या भागात नेहमी दिसतात. ट्यूबलेस टायरची पंक्चर काढण्याची पट्टी आणि छोटा पंप गाडीतच असावा.

खाड्या ओलांडण्यासाठी आपल्याकडे फेरीबोटी आहेत: दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड. कमी उंचीच्या मोटारीने त्या घेताना भरती-ओहोटीची वेळ पाहून निघावे. ओहोटीला बोट खाली असते, उतार तीव्र होतो आणि धक्क्यावर शेवाळ असते. बंपर घासण्याची शंका असेल तर पुढच्या भरतीपर्यंत थांबावे, किंवा जागा असल्यास तिरके चढावे. मोटारसायकलस्वाराने शेवाळावर पुढचा ब्रेक अजिबात वापरू नये. मागच्या ब्रेकवर, पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली ठेवून उतरावे. चाकांना धक्क्यावर खारे पाणी लागले असेल तर पलीकडे जाऊन जिथे पहिले गोडे पाणी मिळेल तिथे चाके धुवावीत.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालू नये. एका दुपारच्या फोटोसाठी बेअरिंग, डिस्क आणि साखळी खाऱ्या पाण्यात बुडवण्याइतके महाग काम दुसरे नाही. भरती आली की गाडीच जाते. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर येथे हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि वाळूखालचे ते घरटे चाकाखाली येते हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

घाटातील चालवणे

घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरावा, ही ट्रकवाल्यांची रीत वेगवान गाडीलाही लागू आहे. मोटारसायकलवर वळणाच्या आधी ब्रेक मारून, गिअर कमी करून, मग वळणात हलका थ्रॉटल ठेवावा. वळणाच्या मध्यात ब्रेक मारण्याची वेळ आली तर त्याचा अर्थ आत शिरतानाचा वेग चुकला होता, आणि पुढचे वळण त्याहून सावकाश घ्यावे. पहिल्या पावसानंतर डोंगरावरून वाहून आलेली लाल माती वळणाच्या आतल्या बाजूला साचते आणि ती ओली असताना साबणासारखी असते. रस्त्यावर लाली दिसली की गाडी सरळ करून, ब्रेक न लावता, ती ओलांडावी. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धुके इतके दाट उतरते की समोरची गाडी दिसत नाही. तिथे ताकदीचा उपयोग शून्य आहे. लाइट लो बीमवर ठेवावेत आणि रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर नजर ठेवून जावे.

कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचचा ड्युएल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित, गिअरबॉक्स असलेल्या मोटारीने चढावर वाहतूक खोळंबली असता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये. ब्रेक दाबून थांबावे, पुढे पाच-सहा मीटर जागा झाली की एकदम जावे. तोलून धरण्यात क्लच जळतो आणि घाटात मागे-पुढे होण्याची जागा नसते.

वहाळाचे (ओढ्याचे) पाणी साकवावरून (छोट्या पुलावरून) जात असेल तर थांबावे. पाणी किती वेगाने जात आहे हे वरून दिसत नाही, आणि कमी उंचीच्या गाडीचा हवा ओढणारा पाइप पुढेच असतो. इंजिनमध्ये पाणी गेले आणि गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन संरक्षणाचे जोड-कलम घेतलेले असावे, कारण साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा येत नाही.

फेरबदल आणि कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर एमएच-०८ च्या (रत्नागिरी जिल्ह्याच्या) गाडीला गावात ओळख देतो, पण दंडही देतो, आणि रात्री वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप मोडतो. पैसा खर्चायचाच असेल तर चांगले टायर, चांगले पॅड आणि स्टीलची जाळी असलेली ब्रेक होज यांवर खर्चावा. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवावा.

आगोट

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कौले शाकारून आणि लाकडे आत घेऊन होतात त्याच दिवसांत, गाडीचीही आगोट करावी. पावसात रोज चालणार नाही अशी गाडी पूर्ण धुऊन, चालवून कोरडी करून, नवे इंजिन ऑइल घालून ठेवावी. जुन्या तेलात जमलेले आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहू देऊ नये. टाकी भरावी. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवावी. मोटारसायकल पॅडॉक स्टँडवर (चाक जमिनीवरून उचलून धरणाऱ्या स्टँडवर) घ्यावी. मोटारीचा हँडब्रेक सोडावा, गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर ओलीत पॅड किंवा शू डिस्क-ड्रमला चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा आणि तो घातल्याची चिठ्ठी हँडलला किंवा स्टिअरिंगला बांधावी.

बॅटरी काढून घरात, कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा व्होल्टमीटरने पाहावी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या वर दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर वापरावा. उंदरांसाठी सापळे लावावेत, आणि एअर बॉक्स व इंजिनवरचा भाग आठवड्यातून एकदा विजेरीच्या उजेडात पाहावा, कारण पावसात उंदीर कोरडी जागा शोधतात आणि गाडीच्या वायरी कुरतडतात. मोटारीच्या आत सिलिका जेलची पाकिटे ठेवावीत. चामडी सीट आणि स्टिअरिंग आधी साफ व कोरडे केलेले असेल तर बुरशी धरत नाही. ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडून तासभर हवा खेळू द्यावी. आठवड्याला पाच मिनिटे गाडी जागेवर चालू करून बंद करणे मात्र टाळावे. तेवढ्यात इंजिन पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी साचते. चालू करायचीच असेल तर उघडीप पाहून वीस किलोमीटर फिरवून आणावी.

नारळी पौर्णिमेनंतर पाऊस ओसरू लागला की गाडी जागी करावी, आणि त्यातही घाई करू नये. आधी चिठ्ठी वाचून बोळा काढावा. वायरी, नळ्या, एअर फिल्टर पाहावा. बॅटरी लावावी, टायरचा दाब मूळ आकड्यावर आणावा, ब्रेकची लिव्हर व पेडल दाबून पाहावे आणि चाके हाताने फिरतात का ते तपासावे. गाडी चालू झाल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत रेझ करू नये. डिस्कवर आलेला पातळ गंज पहिल्या दहा-बारा हलक्या ब्रेकमध्ये निघून जातो. त्यानंतरही खरखर राहिली तर कॅलिपर उघडावे. पहिल्या दिवशी गावाच्या आसपास वीस-पंचवीस किलोमीटरच जावे, परत येऊन गाडी फळ्यांवर उभी करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली वाकून तेलाचा, कूलंटचा किंवा ब्रेक ऑइलचा थेंब पडला आहे का ते पाहावे. फळी कोरडी असेल तर घाटाकडे निघायला हरकत नाही.